बँकेच्या ॲपवरून परदेशी पैसे पाठवायचा अनुभव: सगळं पर्पज कोडवर अडतंय

मुलगी जर्मनीला शिकायला गेली त्याला आता बरेच महिने झाले, पैसे सांगलीतल्या आमच्या बँकेतूनच पाठवतोय. एलआरएस (परदेशी पैसे पाठवायची रिझर्व्ह बँकेची योजना), ए२ फॉर्म (त्यासाठी बँकेत भरायचा अर्ज), पॅन हे बहुतेकांना माहितीय, त्यावर वेळ घालवत नाही. मला बोलायचंय ते पर्पज कोडवर, म्हणजे पैसे कशासाठी पाठवतोय ते सांगणाऱ्या कोडवर, कारण त्यापायी माझे हक्काचे पैसे अडकले.

ब्लॉक्ड अकाउंटला (जर्मनीच्या व्हिसासाठी राहण्याचा खर्च आधीच भरून ठेवायचं खातं) ११,९०४ युरो भरायचे होते, म्हणजे धरा १२ लाख. पहिल्यांदा ब्रँचमधूनच केलं. फॉर्मवर स्वच्छ "मुलीचं शिक्षण" लिहिलं, ॲडमिशन लेटर जोडलं, तरी काउंटरवरच्या साहेबांनी "राहण्या-खाण्याचाच खर्च ना" म्हणून एस१३०१ टाकला, म्हणजे फॅमिली मेंटेनन्स. पाहिजे होता एस०३०५, परदेशी जाऊन शिकण्याचा. मग १० लाखांच्या वरच्या २ लाखांवर तेव्हाच्या ५ टक्क्यांनी १० हजार टीसीएस (पैसे पाठवतानाच बँक कापून घेते तो आयकर) जायचा तिथं २० टक्क्यांनी ४० हजार कापले. विचारलं तर "रिटर्नमध्ये क्लेम करा." अहो मिळतील हो, पण तोपर्यंत ३० हजार बिनव्याजी का अडकवायचे, तेही पोरीचा तिकडं खर्च सुरू असताना? शिक्षणासाठी लागणारा रोजचा खर्च शिक्षणातच धरायचा हे आयकर खात्याच्या ३० जून २०२३ च्या परिपत्रकात लिहिलंय, त्याची प्रिंट नेऊन मॅनेजरच्या टेबलावर ठेवली. वाचली त्यांनी, पण कापलेले काही परत आले नाहीत.

तेव्हाच एक स्टार देणार होतो. पण नंतर ॲपवरून पाठवायला लागलो आणि मत बदललं. तिथं कोड आपणच निवडायचा, आणि कन्फर्म करायच्या आधी टीसीएस, जीएसटी, रेट सगळं समोर दिसतं. एकदा तर फॉरेक्स डिपार्टमेंटमधल्या मॅडमनी स्वतः फोन करून कोड विचारून घेतला, तेव्हा खरंच बरं वाटलं.

तक्रार एकच राहिली, ती ॲपमधली कोडची यादी. शिकायला गेलेल्या मुलांचा एस०३०५ हा ट्रॅव्हलच्या गटात आहे, आणि नुसतं एज्युकेशन शोधलं की आधी एस११०७ येतो, तो घरबसल्या करायच्या परदेशी कोर्सच्या फीचा. रिझर्व्ह बँकेच्या हिशेबात तिकडं राहून केलेला खर्च प्रवासात धरतात, ते ठीक आहे, पण पालकाला हे कुठून कळणार? एस०३०५ च्या नावाखाली मराठीत एक ओळ टाकायला बँकेला काय जड आहे?

ॲपला चार स्टार, ब्रँचला एक. ब्रँचमधून करणार असाल तर सही करायच्या आधी ए२ वरचा कोड स्वतः वाचा, आणि टीसीएसचं सर्टिफिकेट मागून घ्या, मला ते मागितल्याशिवाय दिलं नव्हतं.