नौपाड्यातलं फिजिओ क्लिनिक: पहिल्याच दिवशी मानेचा पट्टा काढायला लावला (४ स्टार)

आधी जिन्याचं सांगते. ठाण्यात राम मारुती रोडच्या आतल्या गल्लीत जुनी बिल्डिंग, दुसरा मजला, लिफ्ट नाही आणि पायऱ्या अशा की मान खाली घालून बघितल्याशिवाय चढता येत नाही, आणि मान खाली घालता येत नाही म्हणून तर आपण तिथे आलेलो असतो. एक स्टार तिथेच कापलाय. बाकी चार मनापासून.

झालं असं की स्टेशनवरून शेअर रिक्षाने मानपाड्याला घरी येत होते, मागे तिघी, मी मधे, कापूरबावडीच्या सिग्नलला रिक्षा उभी असताना मागून एका कारने ठोकलं. फार जोरात नाही हो, रिक्षावाल्याने उतरून शिव्या दिल्या, बंपरला पोचा, संपलं. मला काहीच झालं नव्हतं, घरी येऊन पोळ्या केल्या. पण रिक्षाच्या सीटला डोकं टेकायला काही नसतं, पाठ जिथे संपते तिथे सीट संपते, त्यामुळे धक्का बसला की अंग पुढे जातं, डोकं मागे राहतं आणि मग सटकन पुढे येतं. सकाळी उशीवरून डोकंच उचलेना. अक्षरशः दोन्ही हातांनी स्वतःचं डोकं धरून उठले. हे असं दुसऱ्या दिवशीच जास्त दुखतं म्हणे, सूज आणि आखडणं हळूहळू चढत जातं, त्यामुळे धक्का बसला त्या दिवशी ठीक आहे म्हणून खूश होऊ नका.

मग घरचे उपाय. सासूबाई म्हणाल्या उसण भरलीय, खालच्या मजल्यावरचा मुलगा पायाळू आहे, त्याला बोलवून पाय लावून घे. तो मुलगा बारावीत आहे, त्याच्या प्रीलिम चालू आहेत, आणि मी त्याला मानेवर पाय ठेव म्हणून सांगू? शेजारच्या काकांनी सलूनमध्ये जाऊन कडकड मोडून घ्यायला सांगितलं. ते मी केलं नाही आणि नशीब केलं नाही, कारण नंतर फिजिओ मॅडमनी सांगितलं की मानेला असा झटका दिला की मेंदूकडे रक्त नेणाऱ्या नसेला आतून चीर जाऊ शकते, क्वचित होतं पण झालं तर थेट स्ट्रोक. मालिशचं सोडा, पण तो शेवटचा कडक् कोणाकडूनही करून घेऊ नका.

फॅमिली डॉक्टरांनी मान डावी-उजवी वळवायला सांगितली, निम्मीपण वळेना म्हणून एक्सरे काढायला लावला, गोळ्या दिल्या. एक्सरेत फ्रॅक्चर नाही, पण रिपोर्टमध्ये लिहिलं होतं की मानेचा नॉर्मल बाक गेलाय, मान सरळ झालीय. हे वाक्य लक्षात ठेवा, याच वाक्यावर पुढे माझे पैसे जाणार होते. मेडिकलमधून पट्टा मी माझ्या मनाने आणला, साडेतीनशेचा स्पंजवाला, आणि तो नऊ दिवस घातला, झोपतानाही. बरं वाटायचं ना! काढला की डोकं नारळासारखं जड.

दहाव्या दिवशी घोडबंदर रोडच्या एका चकाचक ठिकाणी गेले, नाव लिहीत नाही. रिसेप्शनवर कॉफी मिळाली. मानेला हात न लावता रिपोर्ट वाचून सांगितलं की बाक गेलाय, आता नाही केलं तर पुढे मणके घासतील, १५ सिटिंगचं लेझरचं पॅकेज, १८ हजार, ॲडव्हान्स. मी घाबरून २ हजार भरून आले आणि ते परत मिळाले नाहीत ते नाहीतच. ऑफिसमधल्या एकीने मग या नौपाड्याच्या मॅडमचं नाव सांगितलं.

इथे कॉफी नाही. पण पहिल्या दिवशी पाऊण तास नुसती तपासणी. हाताला मुंग्या येतात का, बोटं बधिर होतात का, वस्तू हातातून पडते का, चालताना तोल जातो का, लघवीला काही त्रास, ताप. दोन्ही हातांनी त्यांची बोटं दाबायला लावली, कोपराला हातोडी मारून बघितली. म्हणाल्या यातलं एक जरी हो असतं तर मी व्यायाम दिलाच नसता, सरळ ऑर्थोकडे, म्हणजे हाडांच्या डॉक्टरकडे पाठवलं असतं. मग शिंप्याचा टेप काढला (मला वाटलं ब्लाउजचं माप घेतायत की काय), मान उजवीकडे वळवायला सांगून हनुवटी ते खांदा अंतर मोजलं, जितकं कमी तितकी मान जास्त वळते. उजवीकडे १७ सेंटीमीटर, डावीकडे १३. वहीत लिहिलं.

रिपोर्टचं विचारलं तर म्हणाल्या, स्नायू आखडले की ते मान ताठ धरून ठेवतात, त्यामुळे फोटोत बाक कमी दिसतो, आणि ज्यांना अजिबात दुखत नाही अशांच्याही एक्सरेत हे दिसतं. मुळात अशा धक्क्याने मानेला होतो तो स्प्रेन, म्हणजे हाडाला हाड बांधणारे लिगामेंट ताणले जातात आणि ते एक्सरेत दिसतच नाहीत, स्नायू ताणला तर स्ट्रेन, मानेत बहुतेक वेळा दोन्ही एकत्र होतं आणि उपचार जवळपास तेच. १८ हजारांची भीती पाच मिनिटांत गेली.

आणि मग म्हणाल्या, पट्टा काढा. मी म्हटलं, घरी गेल्यावर काढते. नाही, आत्ता. फारच दुखत असेल तर पहिले एक-दोन दिवस ठीक, पण जास्त दिवस घातला की मानेचे स्नायू आळशी होतात आणि मान आणखी आखडते, म्हणून तर काढल्यावर डोकं जड लागतंय. डोक्याचं वजन तसंही साधारण पाच किलो असतं, म्हणजे आपली गव्हाच्या पिठाची पिशवी. पट्टा पर्समध्ये टाकून जिना उतरताना मला रडू येत होतं, खोटं नाही सांगत.

व्यायाम म्हणाल तर हास्यास्पद वाटतील इतके छोटे. भिंतीवर डोळ्यांच्या लेव्हलला एक टिकली चिकटवायची, तिच्याकडे बघत हनुवटी सरळ मागे खेचायची, डबल चिन येईल अशी, मान न वाकवता. कपाळावर तळवा ठेवून डोक्याने तळव्याला ढकलायचं आणि तळव्याने डोक्याला, कोणी जिंकायचं नाही, पाच-सहा सेकंद. तसंच दोन्ही बाजूंनी आणि मागून. दुखेल त्याच्या अलीकडे थांबायचं पण थांबूनच राहायचं नाही. उठताना सरळ न उठता आधी कुशीवर वळून हाताने रेटा द्यायचा, हे कोणी पहिल्या दिवशीच सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं. पालथं झोपायचं नाही, उशी एकच. बर्फ पहिल्या दोन दिवसांत कापडात गुंडाळून चालतो, आता शेक घ्या म्हणाल्या, त्यामुळे सासूबाईंच्या मिठाच्या पुरचुंडीला शेवटी मान मिळाला. लॅपटॉपखाली सध्या जुन्या दिवाळी अंकांचा गठ्ठा आहे.

मशीन पण आहे, दहा मिनिटं करंट लावतात, बरं वाटतं, पण मॅडम स्वतःच म्हणाल्या की हे फक्त जरा आराम पडावा म्हणून, बरं करणार ते घरचे व्यायाम. स्वतःच्या मशीनबद्दल असं बोलणारं माणूस मी पहिल्यांदा बघितलं.

पहिल्या दिवसाचे ८००, नंतर दर वेळी ५००, मी सहा वेळा गेले तीन आठवड्यांत, सातव्या वेळी यायची गरज नाही असं त्यांनीच सांगितलं. शेवटच्या दिवशी टेपवर उजवीकडे १२, डावीकडे ११. आता रिक्षातून मागे वळून बघता येतं, मागून गाडी येतेय का ते तर मी दर सिग्नलला बघते. संध्याकाळी लॅपटॉप संपल्यावर थोडं ओढल्यासारखं होतं अजून, त्याला काही आठवडे लागतील म्हणाल्यात.

वाईट म्हणजे अपॉइंटमेंट सहाची असेल तर साडेसहा धरा, बाहेर चारच खुर्च्या, फोन कोणी उचलत नाही, मेसेज करा. यूपीआय चालतं. गाडी आणू नका, गल्लीत स्कूटरलासुद्धा जागा नाही. सासूबाई आता गुडघ्यासाठी तिथेच जायचं म्हणतायत, पण ते दोन मजले त्यांना कसे चढवायचे, घरी व्हिजिटला येता का म्हणून मॅडमना मेसेज टाकलाय, उत्तर आलं की इथेच खाली लिहिते.