पीएस२, पंचावन्न इंची टीव्ही आणि रेट्रोटिंक ५एक्स: आठ महिने वापरल्यावर

आमच्या घरात दोन टीव्ही आहेत. हॉलमध्ये ५५ इंची फोरके, आणि आईच्या खोलीत २१ इंची काचेच्या ट्यूबचा जुना डबा. तो बदलायचा विषय निघाला की आई कुकरकडे बघायला उठते. हे आधीच सांगतेय, कारण पीएस२ (सोनीचा प्लेस्टेशन २ हा जुना गेम कन्सोल) मोठ्या टीव्हीवर नीट दिसावा म्हणून केलेला पुढचा सगळा खटाटोप, रेट्रोटिंक ५एक्स ही चित्र सुधारणारी डबी घेण्यापर्यंतचा, त्या डब्यामुळेच सुरू झाला.

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून माझा स्लिम पीएस२ खाली आला. २००८ साली पगारातून घेतलेला. सोबत दोन कंट्रोलर, डिस्कची थैली आणि ८ एमबीचं मेमरी कार्ड. आईच्या टीव्हीला पिवळी-लाल-पांढरी वायर लावली तर पठ्ठ्या पहिल्या झटक्यात सुरू झाला, आणि चित्र अगदी आठवत होतं तसंच. मग मोठ्या उत्साहात तो हॉलमध्ये नेला. मोठ्या टीव्हीला ते तीन गोल सॉकेटसुद्धा नाहीत, एक बारीक एव्हीचं भोक आहे आणि त्यात शेपटीसारखी जोडवायर लावावी लागते. चित्र आलं. लाल अक्षरं कडेला विरघळलेली, माणसं आडवी फुगलेली, पळताना कडांना करवतीचे दात, आणि बटण दाबल्यावर पात्र जरा विचार करून उडी मारतंय.

बारा वर्षांचा मुलगा शेजारी बसला होता. "आई, तुमच्या वेळी हे असंच दिसायचं?" त्याच्या आवाजात खरी कीव होती. मग मात्र मी हट्टाला पेटले.

आधी फुकटात काय सुधारतं ते सांगते, कारण लोक थेट खरेदीवर उडी मारतात. मीही तेच केलं. टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन चित्र ४:३ करा, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येऊ द्या. गेम मोड लावा. शार्पनेस शून्यावर आणा, नॉइज रिडक्शन आणि मोशनवाले सगळे पर्याय बंद करा. आपल्याकडे अधिकृत विकले गेलेले पीएस२ पाल या टीव्ही पद्धतीचे, म्हणजे मूळचे ५० हर्ट्झचे (सेकंदाला ५० वेळा चित्र पाठवणारे). पण बरेच गेम सुरू होतानाच ५० की ६० असं विचारतात. तिथे ६० निवडा. काही पाल गेम ५० हर्ट्झवर चक्क हळू चालतात आणि वर-खाली काळी पट्टीही सोडतात. एवढ्या पाच मिनिटांच्या कामाने तो "विचार करून उडी" मारायचा प्रकार आमच्याकडे निम्म्याहून कमी झाला.

मग पहिली चूक. पुण्याच्या तपकीर गल्लीतून साडेसहाशे रुपयांचा एचडीएमआय प्लग आणला. पीएस२च्या मागे खोचायचा, दुसऱ्या बाजूने एचडीएमआय. दुकानदार म्हणाला, "ताई, एकदम एचडी." रंग पिवळ्या वायरपेक्षा बरे आले, नाही असं नाही. पण करवतीचे दात तसेच, आणि हेडफोन लावला की बारीक गुणगुण. एचडीएमआयची वायर असली म्हणजे चित्र एचडी होत नाही, हे मला तेव्हा कळलं. तो प्लग फक्त जुन्या सिग्नलला नव्या वायरीत बसवतो. चित्र मोठं करण्याचं खरं काम शेवटी टीव्हीच करत राहतो, आणि नेमकं तेच त्याला नीट जमत नाही.

का जमत नाही, ते थोडं सविस्तर. पीएस२चे बहुतेक गेम ४८०आय, म्हणजे ४८० ओळींचं चित्र पाठवतात (पालमध्ये ५७६आय). त्यातल्या "आय"चा अर्थ असा, की एका वेळी अर्ध्याच ओळी येतात. आधी विषम, पुढच्या खेपेला सम. ट्यूबचा टीव्ही त्या जशा येतात तशा काचेवर काढत जातो, डोळा त्यांची सांगड घालतो. एलईडीला मात्र सगळ्या ओळी एकदम उजळाव्या लागतात, त्यामुळे दोन अर्धी चित्रं त्याला आधी शिवून घ्यावी लागतात. दोन अर्ध्यांच्या मधल्या काळात पात्र पुढे सरकलेलं असतं, म्हणून कंगव्यासारखे दात दिसतात. शिवायला वेळ लागतो, म्हणून बटण उशिरा लागतं.

पीएस१ आणि त्याआधीच्या यंत्रांची भानगड वेगळीच. ती २४०पी पाठवतात, म्हणजे प्रत्येक खेपेला तेवढ्याच २४० ओळी पूर्ण. तिथे शिवायला काहीच नसतं. पण बऱ्याच टीव्हींना हे कळत नाही. ते त्यालाही ४८०आय समजतात आणि जे फाटलेलंच नाही ते शिवत बसतात. जुन्या गेममध्ये मार लागल्यावर पात्र लुकलुकतं ना, एक फ्रेम दिसतं, एक फ्रेम गायब? या शिवणकामात ते कधी अर्धवट जाळीदार दिसतं, कधी पूर्णच नाहीसं होतं.

दुसरी पायरी कम्पोनंट केबल. हिरवा, निळा, लाल असे चित्राचे तीन प्लग आणि आवाजाचे दोन. पिवळ्या वायरीत प्रकाश आणि रंग एकाच तारेत कोंबलेले असतात, म्हणून लाल अक्षरं विरघळतात. कम्पोनंटमध्ये ते वेगवेगळे येतात. माझी पहिली केबल स्वस्तातली निघाली. स्क्रीन पांढरा झाला की स्पीकरमधून घुंईई असा आवाज, लोडिंगचा काळा स्क्रीन आला की शांत. चित्राची तार आवाजाच्या तारेत गळत होती, आतलं आवरण नावापुरतं. दुसरी, जाडजूड केबल घेतल्यावर ते थांबलं. आणखी एक, ज्यात माझी एक अख्खी संध्याकाळ गेली: केबल लावून चित्र हिरवट आलं तर केबलला शिव्या देऊ नका. पीएस२ डिस्कशिवाय सुरू करा, सिस्टिम कॉन्फिगरेशनमध्ये जा, कम्पोनंट व्हिडिओ आउट "आरजीबी"वरून "वाय सीबी/पीबी सीआर/पीआर"वर न्या. हे करेपर्यंत पिवळी वायर लावलेली ठेवा, नाहीतर हिरव्या अंधारात चाचपडत बसाल.

पण हॉलच्या टीव्हीला कम्पोनंटची जागाच नाही. म्हणून शेवटी ही केबल जिच्यात खोचता येते ती रेट्रोटिंक ५एक्स प्रो.

माइक ची नावाच्या अमेरिकेतल्या इंजिनिअरने २०२१ मध्ये आणलेली ही डबी. तळहातापेक्षा थोडी मोठी, यूएसबीवर चालते, सोबत रिमोट. किंमत घेतली तेव्हा साधारण ३०० डॉलर, आणि इथे नवऱ्याचा चेहरा कसा झाला असेल ते मी लिहीत नाही. दादा न्यू जर्सीला असतो, तो जानेवारीत येताना बॅगेतून घेऊन आला. "अगं, एवढ्यात नवीन कन्सोल आला असता," तो म्हणाला. आला असता. पण २००९ मधल्या माझ्या सेव्ह त्यात नसत्या आल्या.

डबी काय करते? टीव्हीला जे जमत नाही ते आधीच करून देते. २४०पी ओळखते आणि शिवायला जात नाही, ओळी सरळ पटीत वाढवते. ४८०आय आला तर चित्राचा स्थिर भाग दोन्ही अर्ध्यांतून जोडते आणि हलणाऱ्या भागापुरताच अंदाज लावते. टीव्हीला मिळतं तयार १०८०पी, म्हणजे १०८० ओळींचं पूर्ण चित्र, त्यामुळे गेम मोडमध्ये त्याच्या हाताला फारसं काम उरत नाही. डबीमुळे होणारा उशीर एका फ्रेमपेक्षाही कमी, आणि ६० हर्ट्झला एक फ्रेम म्हणजे सेकंदाचा साठावा भाग.

पहिल्या रात्री 'टेकन ५' लावला. कपड्यांच्या कडांवरचे दात गेले होते. आरोग्याच्या पट्टीवरची नावं सोफ्यावरून वाचता येत होती. आणि मुलाने मला सलग चार फेऱ्या हरवलं, तेव्हा उशिराचं कारण पुढे करायची सोयही राहिली नाही.

तरी पहिल्या आठवड्याचा आनंद आणि आठ महिन्यांचा अनुभव यांत फरक असतो, तो सांगते.

एक म्हणजे ही डबी रीमास्टर करत नाही, गेमची चित्रं नव्याने काढत नाही. पीएस२ने काढलंच नाही ते तपशील ती कुठून आणणार? 'सॅन अँड्रियास' गेममधला लॉस सँटोस शहराचा नारिंगी धुरळा तसाच धुरळा आहे, लांबच्या इमारती तशाच पुसट. उलट काही गोष्टी जास्त उघड्या पडल्या. पिवळ्या वायरीच्या धूसरपणात झाकलेले ठिपके आता मोजता येतात. सेगाच्या १९९१ च्या 'सॉनिक'मधले धबधबे हे याचं प्रसिद्ध उदाहरण. ते उभ्या रेघांचे काढलेत, साध्या वायरीतून त्या एकमेकींत मिसळायच्या आणि पाणी पारदर्शक वाटायचं. स्वच्छ सिग्नलवर नुसत्या रेघा दिसतात. चित्रकाराने खराब वायर गृहीत धरूनच काम केलं होतं!

दुसरं, स्कॅनलाइनचा पर्याय. जुन्या टीव्हीसारख्या आडव्या काळसर रेघा चित्रावर घालता येतात. पहिले पंधरा दिवस मी त्यावर फिदा होते, रिमोट हातातून सुटत नव्हता. मग लक्षात आलं की चित्र अंधारतं आणि दिवसा हॉलचा पडदा ओढावा लागतो. आता पीएस२साठी त्या बंद असतात. २४०पीच्या गेमला हलक्या ठेवते, टीव्हीचा बॅकलाइट वाढवून.

तिसरं, १०८०पीचे प्रकार. २४०ची पाचपट १२००, आणि डबी टीव्हीला देते त्या ओळी १०८०. म्हणून एक पर्याय चित्र पाचपट करून वरचा-खालचा थोडा भाग कापतो, दुसरा चौपट करून चारी बाजूंनी काळं सोडतो. जुन्या टीव्हीच्या चौकटीखाली कडा तशाही लपायच्या, म्हणून मी पाचपट वापरते. पण स्कोअर अगदी वरच्या कडेला असलेल्या गेममध्ये तो अर्धा कापला जातो. तिथे चौपट.

पुढे फेब्रुवारीत दुसरं खूळ. साताऱ्याच्या घरून दादा आमचा जुना टीव्ही गेम शोधून घेऊन आला. ज्याला आपण नुसतं "व्हिडिओ गेम" म्हणायचो तो, पिवळी कॅसेट, त्यावर ९९९९९९९ गेम आणि आत मोजून चौदा. निन्टेन्डोच्या यंत्राची ही नक्कल. त्यातून फक्त पिवळी वायर निघते, त्यामुळे कम्पोनंटचा प्रश्नच नाही. कॅसेटमध्ये फुंकर मारून लावली, डबीला जोडली. 'कॉन्ट्रा' आला, पण दर दोन मिनिटांनी टीव्ही काळा. नक्कल यंत्राचा दर नेमका ५० हर्ट्झ नसावा, आणि डबी "फ्रेम लॉक"मध्ये तोच दर जसाच्या तसा टीव्हीला देत होती. "ट्रिपल बफर" (चित्रं साठवून टीव्हीच्या ठरलेल्या दराने द्यायचा पर्याय) केल्यावर काळं होणं थांबलं, बदल्यात अधूनमधून चित्र हलकंसं अडखळतं. सरकत्या पार्श्वभूमीवर ते मला दिसतं, दादाला दिसत नाही, आणि यावर आमचा एकदा वाद झालाय.

यातून एक जुनं कोडं सुटलं. मोबाइलवर 'कॉन्ट्रा'चं संगीत मला नेहमी घाईत वाजल्यासारखं वाटायचं. वाटणारच. मूळ गेम ६० हर्ट्झचा, आमचं नक्कल यंत्र ५०चं. लहानपणी आम्ही ते सगळं सहाव्या भागाने संथ ऐकत आलो, संथच उड्या मारत आलो. दादा म्हणाला, "तरीच आपण शेवटपर्यंत पोचायचो."

घ्यावी का? तुमच्याकडे फक्त पीएस२ असेल आणि टीव्हीला कम्पोनंटची जागा असेल, तर आधी चांगली केबल आणि सेटिंग. माझ्या मते साठ-सत्तर टक्के सुधारणा तिथेच होते, तीही हजार-दीड हजारात. डबीचा खर्च सार्थकी लागतो तो दोन-तीन वेगवेगळी यंत्रं असतील तर, किंवा टीव्ही २४०पीला अजिबातच दाद देत नसेल तर. याच निर्मात्याची फोरकेवाली डबी २०२३ मध्ये ७५० डॉलरला आली. तो विषय मी घरात काढलेला नाही. आणि ज्यांना नुसतं सुंदर चित्र हवंय, त्यांनी कॉम्प्युटरवर एम्युलेटर (कन्सोलची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) चालवावा, तो पीएस२चे गेम मुळापेक्षा कितीतरी जास्त रिझोल्युशनला काढतो. मुलगा हे मला दर रविवारी ऐकवतो.

मला मात्र हे सगळं 'देसी अड्डा'साठीसुद्धा हवं होतं. २००९ मध्ये खास आपल्याकडच्या पीएस२साठी भारतात बनलेला गेम, कबड्डी आणि पतंगबाजीवाला. त्याचं नवं रूप येणार नाही. पतंगाचा मांजा पिवळ्या वायरीवर मोठ्या टीव्हीत तुटक तुटक दिसायचा, आता अखंड रेघ आहे. गेम तसा यथातथाच, पण मुलगा आणि मी मिळून सर्वात जास्त वेळ खेळलो तो हाच.

एक गोष्ट मात्र या डबीला जमत नाही, कुठल्याच डबीला जमणार नाही. टीव्ही गेमसोबतची बंदूक. बदकं मारायच्या गेममध्ये घोडा ओढला की क्षणभर स्क्रीन काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो, आणि बंदुकीच्या नळीतला डोळा तो चौकोन त्याच क्षणी दिसला का हे बघतो. हॉलच्या टीव्हीवर तो चौकोन उमटेपर्यंत ती वेळ टळून गेलेली असते, आणि तसाही त्या डोळ्याला ट्यूबचाच लुकलुकाट ओळखता येतो. त्यामुळे बदकं अजूनही आईच्या खोलीतच मारावी लागतात, आणि साडेसात ते नऊ तिच्या मालिका असतात तेव्हा तिथेही नाही.