सोलची गाणी फ्लूटवर: नाजी घ्यावा की हर्बी मॅन?

जॅझ फ्लूटवर सोल या आफ्रिकन-अमेरिकन गायनशैलीतली गाणी हवीत आणि एकच अल्बम घ्यायचा आहे, तर माझ्या मते निवड या दोघांत आहे: गायक स्टीव्ही वंडरला मानवंदना म्हणून नाजीने १९९५मध्ये केलेला ‘साँग्ज फ्रॉम द की ऑफ लाइफ’ किंवा फ्लूटवादक हर्बी मॅनचा १९६९चा ‘मेम्फिस अंडरग्राउंड’.

नाजीकडे ऐवज मोठा. वंडरच्या १९७६च्या मूळ अल्बमातल्या चाली इतक्या बांधीव आहेत की शब्द काढले तरी गाणं उभं राहतं. निर्मिती जॉर्ज ड्यूकची, त्यामुळे सगळं घोटीव. पण नाजी मूळचा सॅक्सवाला. कान फ्लूटला सरावावा आणि तेवढ्यात सोप्रानो सॅक्सने चाल उचलावी, हे मला शेवटपर्यंत खटकलं. फ्लूटच्या स्वरात उपस्वर कमी आणि खालच्या सप्तकात जोरही कमी. त्यामुळे भरीव सॅक्सनंतर ती परतते तेव्हा पातळ लागते. माझ्यापुरता निकाल इथेच लागला.

मॅन फ्लूट सोडत नाही. त्याचं ‘चेन ऑफ फूल्स’ घ्या. अरीथा फ्रँकलिनचं १९६७चं हे गाणं जवळजवळ एकाच कॉर्डवर चालतं. गाण्याचा जीव तिच्या गळ्यात. तिच्या हरकती फ्लूटवर जशाच्या तशा काढायला गेलं की फसतं. चाव्यांच्या या वाद्यातून आपल्या बासरीसारखी लांब मींड निघत नाही, आणि अरीथा जिथे आवाज फोडते तिथे वरच्या सप्तकात जोराने फुंकलं तर स्वर किंचाळतो. मॅन त्या वाटेला जात नाही. छोटे तुकडे, तेच पुन्हा थोडे फिरवून, मधे मोकळी जागा. मेम्फिसच्या अमेरिकन साउंड स्टुडिओतले वादक खाली ताल धरून बसतात, गर्दी करत नाहीत, म्हणून फ्लूट दबत नाही.

अडचणी इथेही आहेत. रचना पाचच, ‘चेन ऑफ फूल्स’ एकटंच दहा मिनिटांच्या वर. ‘होल्ड ऑन, आय अ‍ॅम कमिंग’मध्ये सनी शॅरॉकची गिटार कर्कश होते, काहींना ती सोसत नाही. शिवाय ही एका गायकाला वाहिलेली मानवंदना नव्हे.

वंडरच हवा असेल तर नाजी घ्यायला हरकत नाही. तरी आधी वंडरच्या मूळ अल्बमातलं ‘अनदर स्टार’ ऐका. त्यात बॉबी हम्फ्रीची फ्लूट आहे, आणि ती खुद्द वंडरच्या आवाजाच्या सोबतीला.