रॉडचा रोध: मीटरने मोजावा की भागाकाराने काढावा?

ग्वाल्हेरची जानेवारीतली थंडी म्हणजे लष्कर भागातल्या आमच्या घरी बादलीत पाणी तापवायचा रॉड आलाच. त्यावर १५०० वॅट छापलंय. ते खरं का, हे बघायला त्याचा रोध (विजेच्या प्रवाहाला होणारा अडथळा, ओहममध्ये) काढायच्या दोन वाटा.

पहिली वाट सोपी. प्लग काढायचा, मल्टिमीटर ओहमवर ठेवायचा, दोन पिनांना टोकं लावायची. ३५ ओहमच्या आसपास आकडा आला; २३० व्होल्टचा वर्ग भागिले ३५ म्हणजे जवळपास १५०० वॅट. झटका बसायची भीती नाही, आणि तार आतून तुटली असेल तर लगेच कळतं.

दुसरी वाट चालू रॉडची. रॉड पाण्यात बुडवूनच चालू करायचा आणि मग बादलीला हात लावायचा नाही. क्लँप मीटर (वायर न तोडता प्रवाह मोजणारा चिमटा) एकाच वायरभोवती अडकवायचा. दोन्ही वायरी एकत्र धरल्या तर जाणारा आणि येणारा प्रवाह एकमेकांना खोडतात आणि मीटर शून्य दाखवतो. (मीही फसलोय.) सॉकेटवर २२४ व्होल्ट, वायरीत ६.३ अँपिअर. भागाकार ३५.६ ओहम, गुणाकार १४११ वॅट. व्होल्टेज २०० वर उतरलं तर हाच रॉड जेमतेम ११२५ वॅट देईल, कारण शक्ती व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटते.

रॉडला दोन्ही उत्तरं जुळतात. जुन्या १०० वॅटच्या पिवळ्या बल्बला मात्र नाही: थंड असताना ४० ओहमच्या आसपास, पेटल्यावर २३० व्होल्टला ५२९! टंगस्टन तापलं की रोध कित्येक पटींनी चढतो. म्हणून शक्ती हवी असेल तर माझं मत दुसऱ्या वाटेला. बिघाड शोधायला पहिलीच.