जमीन रिसॉर्टला द्यावी की घरातच पाहुणे ठेवावेत? राधानगरी-दाजीपूरकडच्या घरांसाठी

राधानगरी, दाजीपूर, पन्हाळा या बाजूला रस्त्याकडेला ज्यांची थोडी जमीन आहे, त्यांच्या घरात सध्या हा विषय निघतोच. बाहेरचं कुणीतरी येऊन जागा बघून जातं. "रिसॉर्ट काढतो, पोराला कामाला घेतो," असं सांगून जातं. पोरगं म्हणतं, आपणच दोन खोल्या नीट करू आणि होमस्टे सुरू करू. पन्हाळा जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेला, सह्याद्रीची जंगलं २०१२ मध्येच गेली होती. त्यामुळे माणसं येणार, हे नक्की. त्यांचा पैसा कुणाच्या घरात थांबणार, ते मात्र आत्ता तुम्ही काय ठरवता यावर आहे.

आधी नुसता हिशोब मांडू. आकडे मी समजुतीसाठी धरलेत, तुमच्या गावचे घालून बघा. दोन खोल्या, चार पाहुणे, राहणं-जेवण माणशी १,००० रुपये. म्हणजे एका रात्रीचे ४,०००. शनिवार-रविवार धरून वर्षात ३० रात्री भरल्या तर १,२०,०००. किराणा, गॅस, चादरी, वीज यांत निम्मे गेले तर हातात ६०,००० राहतात. रिसॉर्टवर महिना १२,००० पगार धरला तर वर्षाचे १,४४,०००.

म्हणजे कागदावर नोकरी सरस. होमस्टेने घर लगेच वर येतं असं सांगणाऱ्यांनी ही बेरीज आधी करावी. ज्या घरात जमीन नाही, दुभतं जनावर नाही आणि दर महिन्याला नक्की पैसा लागतो, त्यांनी नोकरी घ्यावी. त्यात कमीपणा काही नाही.

पण जमीन असलेल्या घराला ही बेरीज अर्धीच कळते. होमस्टे दूध आणि उसाच्या जोडीला चालतो. दर दहा दिवसांचं दुधाचं बिल सुरूच राहतं, पाहुण्यांचे पैसे त्यावर वरकड. शिवाय जो निम्मा खर्च धरला, तो बराचसा गावातच फिरतो. शेजारणीची अंडी, गावठी कोंबडी, नाचणी, घनसाळ तांदूळ, दाजीपूरला नेणारी जीप. मोठ्या रिसॉर्टचा माल बहुतेक कोल्हापुरातून टेम्पोने येतो. गावाला मिळतात ते पगार.

आता हंगाम. दाजीपूर अभयारण्य पावसाळ्यात बंद असतं. त्याच वेळी राऊतवाडीच्या धबधब्यावर गर्दी उसळते, पण त्यातले बहुतेक सकाळी येऊन संध्याकाळी परत जाणारे. मुक्कामाला माणसं येतात ती दिवाळीनंतर गवे बघायला आणि मे अखेर काजवे बघायला. मधले आठवडे रिकामे जातात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये महापुराने महामार्ग बंद पडला, मधलं २०२० टाळेबंदीत गेलं. पुरात दूधसंकलनही थांबलं होतं, पण पाणी ओसरल्यावर ते लगेच सुरू झालं. पाहुणे तसे लगेच येत नाहीत. म्हणून होमस्टे असो की रिसॉर्टची नोकरी, गोठा मोडू नका. आणि कर्ज काढून बांधकाम तर अजिबात नको.

जमिनीबद्दल मला कळकळीने सांगायचंय. विकणं आणि भाड्याने देणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आपल्या राज्यात शेतजमीन घ्यायची तर सहसा आधी शेतकरी असावं लागतं. सगळा सातबारा विकून बसलात तर पुढे तुमच्याच मुलाला शेत घेणं अवघड होईल. राज्याच्या २०२० च्या कृषी पर्यटन धोरणात नोंदणीसाठी किमान एक एकर लागते. आज रस्त्याकडेचा तुकडा विकून ती मर्यादा हुकली, तर उद्या पोराच्या मनात आलं तरी दार बंद. द्यायचीच असेल तर नोंदणीकृत भाडेकरार करा, मुदत लिहून घ्या, भाडेवाढ लिहून घ्या. नोकरीचं आश्वासन तोंडी असेल तर ते धरूच नका. अभयारण्याभोवतीच्या संवेदनशील पट्ट्यात बांधकामाला काय चालतं, हे तलाठी आणि वनखात्याकडे आधी विचारा.

तिसरा रस्ता म्हणजे धबधब्याजवळ चहा-भजी-कणसाचा गाडा. भांडवल थोडं लागतं, भूमिहीन माणसाची सुरुवात यातून होऊ शकते. पण कमाई दोन-तीन महिन्यांचीच.

होमस्टेची एक बाजू सहसा कुणी बोलत नाही. त्याचा सगळा भार घरातल्या बाईवर पडतो. पहाटे धार काढायची, मग आठ जणांचा चहा-नाष्टा, दुपारी भाकरी, रात्री तांबडा-पांढरा, आणि वर चादरी धुवायच्या. पाहुण्यांचे पैसे तिच्या खात्यावर जाणार नसतील तर हा धंदा सुरू करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. बचत गटातल्या चार-पाच घरांनी मिळून केलं तर पाहुणे वाटून घेता येतात, एकीला बरं नसेल तर दुसरी सांभाळते.

पाहुणे वाटताना आणखी एक गोष्ट बघा. जीपवाले आणि गाईड कुणाच्या दारात गाडी थांबवतात? वरच्या आळीतल्या चार घरांपुढेच थांबवत असतील तर दलित वस्ती आणि धनगरवाडा कोरडाच राहणार. याच कोल्हापुरात गंगाराम कांबळे या दलित माणसाने हॉटेल काढलं, तेव्हा जातीमुळे गिऱ्हाईक फिरकत नव्हतं. शाहू महाराज स्वतः तिथे जाऊन चहा पिऊ लागले, मग चित्र बदललं. आज पाहुणा कुठे न्यायचा हे जीपवाल्याच्या हातात आहे. ग्रामसभेत पाळीने नावं लावून घ्या, यादी सगळ्यांना दिसेल अशी ठेवा.

ठरत नसेल तर जागा बघायला आलेल्या माणसाकडे येत्या जूनपर्यंतची मुदत मागा. आहे त्याच खोलीला रंग द्या, संडास-बाथरूम स्वच्छ करा, आणि काजव्यांच्या दिवसांत ओळखीतली दोन-तीन कुटुंबं पैसे घेऊन ठेवून बघा. प्रत्येक खर्च वहीत लिहा. जून लागला की वही घेऊन घरातल्या बाईला आधी विचारा, तिला हे परत करायचंय का.