माघार घ्यायला सांगणारे केंद्र: धुळ्यातील एका क्रीडा-फिजिओथेरपी सेवेविषयी

मी शिरपूर तालुक्यातील एका शाळेत मैदानी खेळांचा प्रशिक्षक आहे. राज्यस्तरीय शालेय स्पर्धेसाठी निवड झालेल्या आमच्या एका धावपटू विद्यार्थिनीची नडगी दुखू लागल्याने तिला धुळे शहरातील एका क्रीडा-फिजिओथेरपी केंद्रात नेले होते. तपासणी उत्तम झाली. तेथील मॅडमनी तिला एका पायावर उड्या मारायला लावल्या, बोटाने दाबून दुखरी जागा नेमकी शोधली, तिचे झिजलेले बूटही उलटून पाहिले आणि एमआरआयसाठी अस्थिरोगतज्ज्ञांकडे पाठवले. अतिताणामुळे हाडाला बारीक तडा गेल्याचे निष्पन्न झाले आणि स्पर्धेतून माघार घ्यावी, असा सल्ला मिळाला. पहिल्या तपासणीचे 500 रुपये घेतात. त्यामानाने दिलेला वेळ भरपूर आहे. मात्र या केंद्राविषयी लिहावेसे वाटले, ते या सल्ल्यानंतर तेथे जे केले जाते त्यासाठी.

मुलीच्या आजोबांचा पहिला प्रश्न पायाबद्दल नव्हताच. "लोकेसले आते काय सांगानं?" असे त्यांनी विचारले. गावात अभिनंदनाचा फलक लागलेला होता, त्यामुळे प्रश्न अगदीच गैरलागू नव्हता. मॅडमनी तो हसण्यावारी नेला नाही. "नाना, तुम्ही नीरज चोप्राचं नाव ऐकलंय ना?" असे म्हणून त्यांनी 2022 सालची हकिकत सगळ्या कुटुंबाला नीट बसवून सांगितली.

त्या वर्षी जुलैमध्ये अमेरिकेतील यूजीन येथे झालेल्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत नीरजने 88.13 मीटर भाला फेकून रौप्यपदक मिळवले, पण त्याच अंतिम फेरीत त्याच्या जांघेजवळचा स्नायू दुखावला. एमआरआयनंतर त्याला महिनाभराची विश्रांती सांगण्यात आली आणि बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या उद्घाटनाला दोन दिवस उरले असताना त्याची माघार जाहीर झाली. 2018 चे सुवर्णपदक राखण्यासाठी तो उतरणार होता, आणि उद्घाटनाच्या संचलनात ध्वजही त्याच्याच हाती असणार होता. आमच्या मैदानावर तेव्हा पालकांची जी चर्चा चाले, ती मला चांगली आठवते. काहींना हळहळ वाटत होती, तर काहींच्या मते रौप्यपदक स्वीकारताना हसतमुख उभा असलेला मनुष्य चार दिवसांत जायबंदी होतोच कसा, हा प्रश्न होता. पुढे पाकिस्तानच्या अर्शद नदीमने 90.18 मीटरची फेक करून ते सुवर्ण जिंकल्यावर तर "आपण ते आयतेच देऊन टाकले" असे बोलणाऱ्यांना जोर चढला. वास्तविक नीरजची तोवरची सर्वोत्तम फेक 89.94 मीटर होती, हे त्यांच्यापैकी कोणी पाहिले नव्हते. ऑगस्ट संपण्याआधीच नीरजने लोझानला 89.08 मीटर फेक करून डायमंड लीग या आंतरराष्ट्रीय स्पर्धामालिकेची फेरी जिंकली आणि सप्टेंबरमध्ये त्याच मालिकेची झुरिकमधील अंतिम स्पर्धाही जिंकली. हा शेवटचा भाग ऐकताना आजोबांनी मान डोलावली.

गोष्ट सांगून केंद्र थांबत नाही. दुखापत कोणती, विश्रांती किती काळ, पळणे टप्प्याटप्प्याने केव्हा सुरू करायचे, हे सोप्या मराठीत लिहिलेले आणि सहीशिक्क्याचे पत्र ते शाळेसाठी एक व घरासाठी एक असे देतात. हे पत्र गावात पायापेक्षा अधिक उपयोगी पडले, असे मी म्हणेन, आणि त्याचे मला थोडे दुःखही आहे. माघार घेणाऱ्याच्या शब्दावर लोकांचा विश्वास नसतो. त्यांना दुखापत डोळ्यांनी दिसावी लागते. चीनचा अडथळा शर्यतपटू लिऊ शियांग 2008 साली बीजिंग ऑलिंपिकमध्ये घरच्या मैदानावर टाचेमागच्या दुखण्यामुळे प्राथमिक फेरीतूनच चालत बाहेर पडला, तेव्हा सहानुभूतीइतकाच संतापही उसळला. 2012 साली लंडन ऑलिंपिकमध्ये पहिल्याच अडथळ्याला धडकून तो पडला आणि एका पायावर लंगडत शेवटपर्यंत गेला, तेव्हा त्याच्यासाठी टाळ्या वाजल्या. जानेवारी 2025 मध्ये टेनिसपटू नोव्हाक जोकोविचने ऑस्ट्रेलियन ओपनच्या उपांत्य सामन्यात पहिला सेट गमावून माघार घेतली, तर प्रेक्षकांतील काहींनी त्याची हुर्यो उडवली. प्रतिस्पर्धी झ्वेरेव्हलाच प्रेक्षकांना आवरावे लागले. पुढे जोकोविचने पायाच्या एमआरआयचे चित्र सर्वांसमोर ठेवले. दहा वेळा ती स्पर्धा जिंकलेल्या खेळाडूला जर असा पुरावा दाखवावासा वाटतो, तर नववीतल्या मुलीने काय करावे?

उणिवांपैकी प्रतीक्षागृहातील गर्दी ही किरकोळ बाब समजावी. भिंतीवरच्या टीव्हीचे तसे म्हणता येत नाही. दुखापतग्रस्त मुले जेथे बसतात, तेथे दिवसभर क्रिकेटपटूंच्या तंदुरुस्तीवर तावातावाने निवाडे देणारे कार्यक्रम चालू असतात. तो बंद करायला पैसे लागत नाहीत.

खरी उणीव वेगळी आहे. अमेरिकेची जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स हिने टोकियो ऑलिंपिकमध्ये जुलै 2021 मध्ये सांघिक अंतिम फेरीतून माघार घेतली, तेव्हा तिच्या शरीरात दाखवता येईल असे काही मोडले नव्हते; हवेत गिरकी घेताना आपण कोठे आहोत याचे भानच हरपत होते, आणि त्या खेळात असे होणे मानेवर बेतू शकते. तिच्या वाट्याला "पळपुटी" ठरवणारी टीका आली, ती यामुळेच. आमच्याच शाळेतील एक मल्लखांबपटू खांबावरून उडी घेऊन उतरताना अचानक बिचकू लागला, म्हणून त्यालाही मी याच केंद्रात नेले होते. सांधे व स्नायू तपासून त्यांनी "कोणताही दोष आढळला नाही" असे प्रामाणिकपणे लिहून दिले, आणि घरच्यांनी त्याच कागदाच्या आधारे मुलगा नाटक करतो असे ठरवले. केंद्रात समुपदेशक नाही, दुसरीकडे पाठवण्याची व्यवस्थाही नाही, आणि असा कागद कोणत्या शब्दांत लिहावा याचा तेथे विचार झालेला दिसत नाही. मॅडमशी मी याबद्दल बोललो; त्यांनी ते मान्य केले.

हाड, सांधा किंवा स्नायू दुखावला असेल, तर धुळे, नंदुरबार, जळगाव या भागांतील प्रशिक्षकांनी खेळाडूला येथे अवश्य न्यावे, आणि शक्यतो घरातील वडीलधाऱ्यांनाही सोबत घ्यावे. मनाच्या तक्रारीसाठी मात्र आधी मानसोपचारतज्ज्ञ गाठावा. पाचपैकी चार तारे देत आहे.