भिरंडेल : दिवाळी ते होळी वापरल्यानंतरचा अनुभव

उद्यमबागेत फाउंड्रीत मोल्डिंगचं काम करतो. दिवसभर हात वाळूत, पाय बुटात. दिवाळी झाली की बेळगावात कोरडी थंडी सुटते आणि टाचा, बोटांची पेरं फुटतात. पेट्रोलियम जेली लावली की मोज्यालाच पुसली जायची. म्हणून यंदा जांबोटीकडच्या ओळखीच्या घरातून भिरंडेल, म्हणजे कोकमाच्या बियांचं तेल, आणलं.

तेल म्हणायचं, पण हातात येतो तो पांढरट, कडक गोळा. साधारण चाळीस अंशांना वितळतो, म्हणून आपल्याकडच्या थंडीत दगडासारखा राहतो. आमसुलं घातली की उरलेल्या बिया धुऊन खडखडीत वाळवतात, फोडून आतला गर कुटतात आणि पाण्यात उकळतात. निवल्यावर वर जो थर धरतो, तो काढून पुन्हा वितळवायचा, गाळायचा आणि मुठीत वळायचा. खटपट बरीच आणि हाती येतं थोडं, त्यामुळे मागतील तो भाव मी खुशीनं देतो.

नुसता गोळा टाचेवर घासून उपयोग नाही. रात्री कोमट पाण्यात पाय बुडवायचे, टाच घासायची, नीट पुसायची. सुरीनं थोडा कीस काढून पळीत वितळवायचा आणि सोसवेल इतका गरम असताना भेगेत भरायचा. तो तिथेच गोठतो आणि भेग बंद करतो. वर सुती मोजे घालायचेच, नाहीतर फरशीवरून पाय घसरतो आणि चादरीला डाग पडतात. पहिल्या दोन-तीन रात्री खोल भेग चुरचुरली. पौष सरेपर्यंत टाच मऊ झाली, चालताना ठणका राहिला नाही. पेरांना आणि ओठांना गुण त्याहून लवकर आला. वास जवळजवळ नाही, हेही मला आवडलं.

पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यांत होणाऱ्या चिखल्यांवर मात्र लावू नका. भावानं भातलावणीच्या दिवसांत लावून पाहिलं होतं, काडीचा फरक पडला नाही. ती बुरशी, तिला कोरडेपणा लागतो. मधुमेह असेल किंवा भेगेतून पू येत असेल, तर आधी डॉक्टर गाठा.

बाजारात एकदा घेतलेलं तेल बोटानं दाबताच रुतलं आणि मेणासारखं चिकटलं. चांगला गोळा नख लावलं तर भुगा देतो आणि तळहातावर चोळला की विरघळतो. डबीतलं घेऊ नका, अख्खा गोळा मागा. उन्हाळ्यात भिरंडं, म्हणजे कोकमाची फळं, पिकतात, तेव्हाच सांगून ठेवलेलं बरं.